मागणे मांडावे कसे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अर्ज लिहिणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. तहसील कचेरीच्या आवारात आजही टेबल-खुर्ची टाकून अर्ज लिहून देणारी माणसे बसलेली दिसतात. त्यांच्या अर्जाचा साचा बहुधा ठरलेला असतो. वर ‘सविनय सादर’, खाली ‘कळावे, आपला नम्र’ आणि मध्ये अडचणींची लांबच लांब माळ. पाऊस पडला नाही, विहीर आटली, मुलगा आजारी आहे, घर गळते आहे, तरी साहेबांनी सहानुभूतीने विचार करावा. यातले काहीच खोटे नसते. तरीही साहेब पहिली ओळ वाचतात, शेवटची ओळ वाचतात आणि कागद पुढे सरकवतात.

असे का होते? दुःख सांगणे निराळे आणि म्हणणे पटवून देणे निराळे, म्हणून. दुःख सांगायला ते भोगलेले असणे पुरते. म्हणणे पटवायचे तर आधी काय सांगायचे, नंतर काय सांगायचे, समोरच्याच्या मनातली शंका कुठे गाठायची आणि शेवटी नेमके काय मागायचे, याचा विचार करावा लागतो. गवंडी भिंत रचताना दगड निवडून बसवतो, तसेच हे काम आहे. दगड सगळे चांगले असले, तरी ढिगाला कोणी भिंत म्हणत नाही.

ही रचना शिकायची कोणाकडून? ग्रीक आणि रोमन वक्त्यांची नावे या संदर्भात नेहमी घेतली जातात. मला मात्र आपल्या पुण्यात लिहिले गेलेले एक निवेदन त्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. ते महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनला दिले. आपण ते सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. आज मी ते थोड्या वेगळ्या नजरेने, पटवून देणाऱ्या लेखनाचा एक नमुना म्हणून आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८५४ साली वुडचा खलिता आला आणि हिंदुस्थानातल्या शिक्षणाची सरकारी चौकट ठरली. तिचे पुढे काय झाले, विशेषतः प्राथमिक शिक्षणाचे काय झाले, हे तपासण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी फेब्रुवारी १८८२ मध्ये एक आयोग नेमला. अध्यक्ष होते सर विल्यम हंटर. सभासदांत सरकारी अधिकारी होते, मिशनरी होते, काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे हिंदी विद्वानही होते. आयोगाने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या. जोतीरावांनी आपले निवेदन इंग्रजीत लिहिले आणि त्यावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख घातली. सहीखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली. म्युनिसिपल कमिशनर म्हणजे त्या काळी पुणे नगरपालिकेचे सभासद.

आता निवेदनाची सुरुवात पाहा. पहिल्याच वाक्यात मागणी नाही, तक्रार तर नाहीच. जोतीराव सांगतात की शिक्षणाच्या बाबतीतला आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. स्वतःच्या अनुभवाची हद्द त्यांनी स्वतःच आखून दिली. मग त्या हद्दीत आपण काय केले, ते क्रमाने येते. मुलींची शाळा काढली, तिथे आपण आणि आपली पत्नी दोघांनी अनेक वर्षे काम केले. महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्या वेळच्या बड्या अधिकाऱ्यांनी मुलींच्या शाळा पाहिल्या आणि शालजोडी देऊन आपला गौरव केला. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत आपण काही वर्षे शिकवलेही आहे.

ही आत्मप्रौढी आहे का? मला तसे वाटत नाही. आयोगापुढे पदवीधर येणार होते, प्राध्यापक येणार होते, शिक्षण खात्यातले अधिकारी येणार होते. त्यांच्यात या माणसाचे का ऐकायचे, असा प्रश्न सभासदांच्या मनात येणारच. तो त्यांनी विचारण्याआधीच जोतीरावांनी उत्तर देऊन टाकले. मी प्रत्यक्ष काम केलेला माणूस आहे, आणि जेवढे पाहिले तेवढ्यावरच बोलतो आहे. पटवून देणाऱ्या लेखनाचा हा पहिला दगड. सारा देश मला ठाऊक आहे असे म्हणणाऱ्यापेक्षा, पुण्याभोवतालची खेडी मी पाहिली आहेत असे म्हणणाऱ्यावर वाचक लवकर विश्वास ठेवतो.

त्याच वर्षी, त्याच आयोगापुढे, पुण्यातच आणखी एक साक्ष झाली. ती पंडिता रमाबाईंची. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांनी साक्ष मराठीत दिली. स्त्रीशिक्षणावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, या प्रश्नावर रमाबाईंनी आपल्या वडिलांचा दाखला दिला. स्त्रियांना शिकवावे असे म्हटल्याबद्दल ज्यांना फार सोसावे लागले, अशा माणसाची मी मुलगी आहे, असे त्यांच्या उत्तराचे तात्पर्य होते. पुढे त्यांनी शिक्षिका हव्यात, तपासणीसाठी स्त्रिया हव्यात आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे मागितले. कारण अगदी साधे दिले. बायका आपली दुखणी पुरुषाला सांगत नाहीत, आणि त्यामुळे त्यांचे जीव जातात. या कारणाला उत्तर कोण देणार? अधिकार आधी, मग कारण, मग मागणी. दोन्ही साक्षींची वाट एकच आहे.

जोतीरावांच्या निवेदनाकडे परत येऊ. ओळख संपल्यावर ते एक धाडसी गोष्ट करतात. ‘गुलामगिरी’ हा त्यांचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला होता आणि त्याला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली होती. तिच्यातला शिक्षणासंबंधीचा भाग ते निवेदनात उतरवून घेतात. तो भाग तिखट आहे. त्यात संताप आहे. सरकारी कागदात संताप नको, असे त्यांना कोणी सुचवलेही असते. जोतीरावांनी तो गाळला नाही. मात्र त्याला जागा दिली ती सुरुवातीला, आणि पुढचा सारा मजकूर थंड डोक्याने, मुद्द्यामागून मुद्दा लिहिला. संताप शेवटी आला असता, तर वाचून झाल्यावर सभासदांच्या मनात तोच राहिला असता. आधी आल्यामुळे तो पुढच्या मागण्यांचे कारण झाला. राग युक्तिवादात असावा की नसावा, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. या निवेदनावरून मला असे दिसते की राग असू द्यावा, पण हिशोबाचे काम त्याच्यावर सोपवू नये.

आणि हिशोब तर याच भागात आहे. सरकारच्या तिजोरीतला मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो, वरच्या आणि श्रीमंत वर्गाकडून फार थोडे येते. खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. पुढे प्राथमिक शिक्षणावर बोलताना ते शिक्षणाच्या खास पट्टीचा प्रश्नही काढतात. मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई, आणि त्यातला एक हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. ज्या कामासाठी हा पैसा गोळा केला, त्या कामावर तो खर्च होत नाही, हा जोतीरावांचा आक्षेप. इलाख्यातल्या दहांपैकी नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची काहीच सोय नाही असे सांगितले जाते, हेही ते नोंदवतात. ‘असे सांगितले जाते’ हे शब्दही लक्षात घ्या. आकडा आपण मोजलेला नाही, ही जाणीव त्यांनी वाक्यातच ठेवली आहे.

इथे ‘गरिबांवर दया करा’ असे कुठेही येत नाही. जमा कोणाकडून आणि खर्च कोणावर, एवढाच प्रश्न आहे. दयेच्या मागणीला नाही म्हणणे सोपे असते. हिशोबाला नाही म्हणायचे तर दुसरा हिशोब मांडावा लागतो. वाण्याच्या दुकानातल्या वहीसमोर जशी तोंडाळ माणसेही गप्प होतात, तशी ही जागा आहे.

यानंतर समोरच्या पक्षाचे म्हणणे येते. त्या काळच्या सरकारी धोरणामागे एक सिद्धान्त होता. वरच्या वर्गाला चांगले शिकवा, म्हणजे विद्या आपोआप खालपर्यंत झिरपत जाईल. हा सिद्धान्त क्रूर आहे, असे म्हणून जोतीरावांना तो झटकून टाकता आला असता. त्यांनी त्याला त्याच्याच मापाने मोजले. झिरपायचे होते ना? मग इतक्या वर्षांत किती झिरपले? शिकलेल्या श्रीमंतांच्या मुलांनी आपल्या घरी किंवा अन्यत्र अडाणी देशबांधवांसाठी वर्ग चालवले का? आपली विद्या त्यांनी लोकांपर्यंत नेली का? आणि हे विचारताना जोतीराव एका इंग्रज गृहस्थाचे मत साक्षीला आणतात. वरच्या वर्गाच्या शिक्षणाने राष्ट्र सुखी होते हे खरे धरले, तर राष्ट्राचे सुख मोजायला पदवीधरांची यादी पुरेल, अशी त्या मतामागची थट्टा आहे. आयोगाच्या सभासदांना ज्याचे ऐकणे जड जाणार नाही, असा साक्षीदार त्यांनी निवडला.

विरोधकाचे म्हणणे मांडताना आपण बहुधा त्याचे सर्वांत कमजोर रूप निवडतो, कारण ते पाडायला सोपे असते. पण आपला वाचक मूर्ख नसतो. ‘अहो, आमचे म्हणणे तसे नाहीच’ असे तो मनात म्हणतो आणि पुढचे वाचणे थांबवतो. जोतीरावांनी झिरपण्याचा सिद्धान्त जसा सरकार मांडत होते तसाच घेतला, त्याने दिलेले आश्वासन पुढे ठेवले, आणि ते पुरे झाले का एवढेच विचारले.

मग येतात मागण्या. निवेदनाचा हा भाग वाचताना मला नेहमी एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने पेरणीची तयारी सांगावी तसे वाटते. शेतकऱ्यांची मुले शाळेत टिकत नाहीत. का? घरी पराकोटीचे दारिद्र्य आहे, आणि गुरे राखायला, शेतावर नजर ठेवायला मुले लागतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्या. शिक्षक मिळतात ते बहुतेक अप्रशिक्षित. का? पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो. म्हणून प्रशिक्षित शिक्षकाला निदान बारा रुपये द्या, आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस. शिक्षक रयतेपासून अंतर राखून वागतात. म्हणून शक्यतो शेतकरी वर्गातलेच शिक्षक तयार करा. असा शिक्षक मुलांत मिसळेल आणि वेळ पडली तर नांगराचा रुमणा धरायला लाजणार नाही. अभ्यासक्रमात काय हवे? मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशोब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आणि नीती व आरोग्य यांचे काही धडे. तपासणी कशी हवी? वरचेवर, आणि आगाऊ सूचना न देता.

प्रत्येक कारणाला त्याचा उपाय जोडलेला आहे. उपाय नसलेले कारण नाही आणि कारण नसलेला उपाय नाही. जिथे आकडा देता येतो तिथे आकडा दिला आहे. ‘शिक्षकांची स्थिती सुधारावी’ असे लिहिले असते, तर आयोगाने ‘होय, सुधारली पाहिजे’ म्हटले असते आणि काहीच झाले नसते. ‘बारा रुपये द्या’ म्हटल्यावर हो तरी म्हणावे लागते किंवा नाही तरी. मागणी अशी हवी की तिला उत्तर देणे चुकवता येऊ नये.

या सगळ्या मागण्यांमध्ये सर्वांत मोठी मागणी एका वाक्यात येऊन जाते. बहुजनांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण काही ठरावीक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचे करावे. तिच्याभोवती त्यांनी भाषण रचलेले नाही. शाळा का ओस पडतात हे सांगून झाल्यावर ती अशी येते की वाचणाऱ्याला ती ओघाने आलेलीच वाटावी. ती किती मोठी होती याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. खुद्द इंग्लंडमध्ये सर्वत्र शाळेत हजेरी सक्तीची करणारा कायदा १८८० साली झाला होता आणि त्यातली वयोमर्यादा दहा वर्षांची होती. म्हणजे इंग्लंडने ज्या गोष्टीला दोन वर्षांपूर्वी हात घातला होता, ती जोतीराव हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी, आणि दोन वर्षे अधिक, मागत होते.

यानंतर उच्च शिक्षणाचा विषय येतो. आतापर्यंतचा रोख पाहता कोणालाही वाटेल की ते आता म्हणणार, कॉलेजांचा पैसा काढा आणि खेड्यांत घाला. आयोगातही, सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. जोतीराव उलट सांगतात. उच्च शिक्षणाला मदत भरपूर मिळाली आणि बहुजन उपेक्षित राहिले ही ओरड काही अंशी खरी आहे. तरीही देशाचे हित पाहणारा कोणीही, सरकारने उच्च शिक्षणाची मदत काढून घ्यावी असे म्हणणार नाही. शिक्षण अजून बाल्यावस्थेत आहे आणि एका ठिकाणची मदत काढली तर सगळ्यांचेच नुकसान होईल. आम्हाला एवढेच हवे की उपेक्षित वर्गाचीही तितकीच काळजी घेतली जावी.

मला हा निवेदनाचा कळस वाटतो. आपल्या बाजूला सोयीचे असूनही जे खरे नाही, ते त्यांनी घेतले नाही. आणि यामुळे त्यांचे म्हणणे कमजोर झाले का? उलट, हा माणूस सूड मागत नाही, न्याय मागतो आहे, हे यातूनच कळले. अगदी शेवटी, एका छोट्या विनंतीत, ते मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी अधिक उदार तरतूद मागतात आणि थांबतात. निवेदन सुरू झाले होते मुलींच्या शाळेच्या उल्लेखाने. वाचून झाल्यावर कानात राहतात त्याही मुलीच.

आता आपण विचाराल, एवढे सुरेख निवेदन, मग त्याचे फळ काय? आयोगाचा अहवाल १८८३ साली आला. प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने आता विशेष लक्ष द्यावे असे त्यात म्हटले होते, आणि त्याची जबाबदारी मुख्यतः जिल्हा मंडळे आणि नगरपालिका यांच्याकडे सोपवावी अशी शिफारस होती. सक्तीचे शिक्षण काही झाले नाही. बारा वर्षांपर्यंतची ती मागणी कागदावरच राहिली.

ती पुन्हा पटलावर आली तेव्हा सुमारे तीस वर्षे गेली होती. मांडणारे गृहस्थही पुण्याचेच, नामदार गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेला आणि अंकगणिताचे क्रमिक पुस्तक लिहिलेला हा माणूस. कलकत्त्याच्या केंद्रीय कायदे मंडळात त्यांनी १९१० साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि मार्च १९११ मध्ये विधेयक आणले.

गोखल्यांची रचना जोतीरावांपेक्षा वेगळी आहे. ते तुलनेने सुरुवात करतात. एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के प्राथमिक शाळेत आहेत? अमेरिकेत एकवीस. मग युरोपातले देश एकेक करून खाली उतरत येतात. जपानमध्ये अकरा. उतरत उतरत यादी घरी येते. बडोदे संस्थानात पाच. आणि ब्रिटिश हिंदुस्थानात एक पूर्णांक नऊ दशांश. या यादीची गंमत तिच्या क्रमात आहे. युरोप-अमेरिकेचे आकडे ऐकून सरकारी सभासद म्हणाले असते, ‘तो देश वेगळा, ते लोक वेगळे.’ म्हणून बडोदे. तिथे लोक आपलेच, जाती त्याच, दारिद्र्य तेच, आणि सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचे शिक्षण लागूही केले होते. ‘इथे जमणार नाही’ या आक्षेपाला शेजारच्या घराचा दाखला, याहून चांगले उत्तर नाही.

पुढे गोखल्यांनी आक्षेप एकेक करून गाठले. खर्च किती येईल, पैसा कुठून उभा राहील, हे सांगितले. विधेयकाची कलमे आयर्लंड आणि इंग्लंडमधल्या कायद्यांच्या धर्तीवर बेतली, म्हणजे साहेबाला त्याच्याच घरचा कायदा दाखवला. आणि विरोध होऊ नये म्हणून मागणी पुष्कळ आवरती घेतली. सक्ती सरकार करणार नाही, स्थानिक संस्थेला हवी तर ती सरकारच्या संमतीने करील. तीही जिथे शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपर्यंत पोचले आहे तिथेच. ही मर्यादा तेहतीस टक्के असावी असे त्यांनी सुचवले होते. वय फक्त सहा ते दहा. आणि सुरुवातीला फक्त मुलगे. मुलींचे नंतर पाहू.

एवढे करूनही १९ मार्च १९१२ रोजी विधेयक पडले. बाजूने तेरा मते, विरोधात अडतीस. शिक्षण खात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांचा विरोध होता. विधेयक पडणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते आणि त्यांनी ते भाषणात बोलूनही दाखवले. आपल्या पिढीला देशाची सेवा अपयशातूनच करावी लागणार आहे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता.

या दोन दस्तऐवजांकडे एकत्र पाहताना माझ्या मनात एक भेद स्पष्ट होतो. समोरच्याला मान्य करण्याच्याही दोन जाती असतात. जोतीरावांनी समोरच्याचे जे खरे होते ते मान्य केले, पण मागणी कमी केली नाही. गोखल्यांनी समोरच्याला पचेल एवढी मागणी लहान केली. पहिल्या प्रकाराने म्हणण्याचे वजन वाढते. दुसऱ्या प्रकारात आपण काय सोडतो आहोत याचे भान ठेवावे लागते, कारण सोडलेले परत मिळेलच असे नाही. जोतीरावांच्या निवेदनात शेवटची जागा मिळालेल्या मुली गोखल्यांच्या विधेयकात थांबवल्या गेल्या, आणि तरीही विधेयक मंजूर झाले नाही.

पण गोखल्यांवर अन्याय होऊ नये. कायदे मंडळात मते मोजायची असतात, निवेदनात तशी सक्ती नसते. आणि त्यांची चौकट वाया गेली नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांसाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्यात नगरपालिकेने स्वतःच्या इच्छेने सक्ती करायची, ही गोखल्यांचीच कल्पना होती. तिकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यावर सोपवला. ती दहा वर्षे संपून गेली. २००२ साली शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, त्यासाठीचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

म्हणजे पुण्यात जोतीरावांनी ते वाक्य लिहिले तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. १८८२ साली जे सहा वर्षांचे मूल माळावर गुरे राखत होते, ते १९१८ साली बेचाळीस वर्षांचे झाले होते. त्याला त्या कायद्याचा काय उपयोग? युक्तिवाद चांगला असला की तो जिंकतोच, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांच्या हाती निर्णय असतो, त्यांचे हितसंबंध कित्येकदा कोणत्याही कारणापेक्षा मोठे ठरतात. त्याची किंमत कोणाची तरी मुले भरतात.

मग नीट मांडणीचा उपयोग काय? उपयोग असा, की नीट मांडलेले म्हणणे हरले तरी शिल्लक राहते. त्याचे दगड पुढचा माणूस उचलून आपल्या भिंतीत बसवू शकतो. पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा जोतीरावांचा प्रश्न आजही कुठल्याही अंदाजपत्रकाला विचारता येतो. बडोदे करते तर तुम्ही का नाही, हा गोखल्यांचा प्रश्न आजही एक गाव दुसऱ्या गावाच्या दाखल्याने विचारू शकते. नुसता आक्रोश त्या दिवसापुरता असतो. दुसऱ्याच्या हाती देता येईल असे त्यात काही उरत नाही.

आपल्या गावच्या शाळेला वर्गखोली हवी आहे, असे समजा. अर्ज लिहायला बसाल तेव्हा पटसंख्या किती आणि खोल्या किती, हे आधी मोजा. आपण ते स्वतः मोजले आहे हे लिहा. गावाने काय दिले आणि गावाला काय मिळाले ते लिहा. निधी नाही असे उत्तर येणार हे धरून, शेजारच्या गावाला तो कोणत्या योजनेतून मिळाला ते शोधून ठेवा. अधिकाऱ्याची जी अडचण खरी असेल ती मान्य करा. आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे न लिहिता, किती खोल्या, कुठे आणि कोणत्या महिन्यापर्यंत, ते लिहा. मग सविनय, नम्र हे शब्द खुशाल घाला. सही करताना आपण कोण आहोत तेही स्पष्ट लिहा, शेतकरी असाल तर शेतकरी म्हणून लिहा. जोतीरावांनी तसेच लिहिले होते.